पिशवीत गेलेलं नाक

पॅरिसला गेलेला माणूस मोंमार्त्रच्या टेकडीवर चढतोच, आणि चढला की प्लास द्यु तेर्त्र या चित्रकारांच्या चौकात येऊन पोचतोच. आम्हीही पोचलो. इझल मांडून बसलेल्या चित्रकारांना टाळणं सोपं असतं, ते जागेवर असतात आणि आपण चालत असतो. हा माणूस मात्र आमच्याबरोबर चालत होता. माझ्या उजव्या अंगाला, पाऊलभर पुढे, अर्धा वळून. एका हातात काळा कागद, दुसऱ्या हातात बोटभर कात्री, आणि नजर माझ्या डोळ्यांकडे नाही तर कानाच्या पुढे कुठेतरी. मी ‘नो, नो’ म्हणाले, मान हलवली, चालण्याचा वेग वाढवला. त्यानंही वेग वाढवला आणि कात्री चालूच ठेवली. कागदाची बारीक काळी कात्रणं त्याच्या कोटावर पडत होती. चौकाच्या टोकाला येईपर्यंत त्याचं काम झालंसुद्धा. त्यानं एका पांढऱ्या पुठ्ठ्यावर ती आकृती, म्हणजे बाजूनं दिसणाऱ्या चेहऱ्याची नुसती काळी छाया, सिलुएट म्हणतात ती, धरून माझ्यापुढे केली, आणि माझ्याआधी नवराच मोठ्यानं हसला. ‘अगं, तूच की!’ लेक म्हणाली, ‘आई, सेम टू सेम.’ मी बघत राहिले. कपाळावरून मोठ्या उमेदीनं निघालेलं आणि शेवटी विचार बदलून खाली वळलेलं नाक, थोडी मागे सरलेली हनुवटी, आणि हनुवटीखाली जे आहे ते. मला ती बाई ओळखता आली नाही. मी नको म्हणाले. तो रागावला नाही, खांदे उडवले, आणि आकृती गळ्यातल्या पिशवीतल्या एका जाड वहीत सरकवली. सरकवताना दिसलं की कागद दुहेरी होता. म्हणजे माझ्या दोन प्रती.

दोन्ही घेऊन तो गेला.

न विचारता कापलेल्या गोष्टीचे पैसे मी का द्यावेत, हे माझं म्हणणं आजही कायम आहे. पण ती वही डोक्यातून जात नाही. त्या वहीत इतरही होते, मला कडा दिसल्या: एक टोपी, एक दाढी, कुणाचातरी उंच बांधलेला अंबाडा. नको म्हणून निघून गेलेल्या लोकांची नाकं. फोटो काढला असता तर मी ‘डिलीट करा’ म्हणाले असते. इथे काय म्हणणार? आणि दुसरी गोष्ट जास्त खुपणारी. घरातल्या दोघांनी जे एका क्षणात ओळखलं ते मला का ओळखता येऊ नये? आरशात आपण समोरून बघतो, आणि बघताना आपल्याला हवा तसा चेहरा करून बघतो. सेल्फीतही तेच. बाजूचा चेहरा बघायचा तर मान वळवावी लागते आणि मान वळवली की डोळेही जातात. दोन आरसे लागतात. शिंप्याकडे किंवा कपड्यांच्या दुकानातल्या ट्रायल रूममध्ये कधी अचानक तो दिसतो तेव्हा आपण ‘अरे, ही कोण’ म्हणून दचकतो. बाजूचं तोंड आपल्या वाट्याला येतच नाही. ते शेजारच्या सीटवर बसणाऱ्याचं, गाडी चालवताना डावीकडे बसलेल्याचं, ताटावर शेजारी जेवणाऱ्याचं. सिलुएट कापणारा नेमकं तेच उचलतो, जे आपल्याला सांभाळता येत नाही.

त्याच्या कात्रीकडे मी चालता चालता जेवढं पाहिलं त्यात एक गोष्ट ठळक दिसली: कात्री जवळजवळ हलत नव्हती. हलत होता तो कागद. संत्रं सोलताना सुरी एका जागी ठेवून आपण फळ फिरवतो, तसा तो डाव्या हातानं कागद पात्यांमध्ये भरवत होता, आणि कागद वळेल तसं नाक, ओठ, हनुवटी होत होती. नंतर वाचलं की बहुतेक सगळे कापणारे असंच करतात. पाती पूर्ण मिटू द्यायची नाहीत, मिटली की तिथे खाच पडते आणि गालावर नसलेला व्रण येतो. शस्त्रक्रियेला वापरतात तसल्या लांब मुठीच्या आणि आखूड पात्यांच्या कात्र्या अनेकांना आवडतात, कारण ओठांची जागा म्हणजे सगळी मिळून काही मिलिमीटरची. वरचा ओठ किती पुढे, खालचा किती मागे, मधली चीर किती आत, एवढ्यावर ओळख पटणं न पटणं ठरतं. पेन्सिलीनं आधी रेघ नाही. चुकलं तर खोडरबर नाही, कारण कापलेला कागद परत जोडला जात नाही. पापणी दाखवायची तर शेवटी एक टोक बाहेर ठेवायचं. आणि हनुवटीखालचं मांस किती दाखवायचं हा कौशल्याचा नाही, सौजन्याचा प्रश्न आहे. आमचा माणूस त्या बाबतीत फार सचोटीचा निघाला.

घरी परत आल्यावर मी लेकीला भिंतीशी बसवलं. कात्रीचं धाडस नव्हतं, पण सावली तर कुणीही गिरवू शकेल असं वाटलं. भिंतीला कागद चिकटवला, दिवा लावला, आणि पहिल्याच फटक्यात कळलं की घरातल्या बल्बनं पडणाऱ्या सावलीला कडाच नसते. नाक कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते ते ठरवता येईना. मोबाइलचा टॉर्च लांब ठेवला, डोकं कागदाला जवळजवळ टेकवलं, तेव्हा कड धारदार झाली. टॉर्च नाकाच्या उंचीवर हवा, जरा वर गेला की चेहरा ओघळतो. एवढं सगळं जमल्यावर मी पेन्सिल घेऊन पुढे झाले, आणि माझ्याच हाताची सावली तिच्या कपाळावर पडली. सरकून दुसरीकडून गेले तर डोक्याची पडली. तेवढ्यात तिला हसू आलं आणि ओठ गेले. आलेली आकृती कुणा प्रौढ गृहस्थांची होती.

या अडचणीवरचा जुना तोडगा फार सुंदर आहे. अठराव्या शतकात युरोपात सावल्या गिरवायचं वेड लागलं तेव्हा खास खुर्च्या तयार झाल्या. खुर्चीच्या एका बाजूला उभी चौकट, चौकटीत तेल लावून अर्धपारदर्शक केलेला कागद. बसणाऱ्याच्या पलीकडे मेणबत्ती. आणि गिरवणारा चौकटीच्या दुसऱ्या बाजूला. त्यामुळे हाताची सावली आडवी येत नाही. पण त्याचबरोबर दुसरंही काहीतरी होतं: बसलेल्याला गिरवणारा दिसत नाही, आणि गिरवणाऱ्याला माणूस दिसत नाही, फक्त काळा डाग दिसतो. दोन माणसं हातभर अंतरावर, मध्ये कागद. तैलचित्रकारासमोर तासन्‌तास बसणारे राजेरजवाडे निदान त्याच्याशी गप्पा तरी मारत असतील.

पहिल्या सावलीची गोष्ट रोमन लेखक प्लिनीनं लिहून ठेवली आहे. सिक्यॉनचा ब्यूटाडीस नावाचा कुंभार कॉरिंथमध्ये काम करायचा. त्याच्या मुलीचा प्रियकर परदेशी निघाला, तेव्हा तिनं दिव्याच्या उजेडात भिंतीवर पडलेली त्याच्या चेहऱ्याची सावली रेघेनं बांधून ठेवली. बापानं त्या रेघेत माती भरली, भाजली आणि मातीतलं पहिलं मुखचित्र तयार झालं. चित्रकारांनी ही गोष्ट शतकानुशतकं रंगवली आहे, दिवा, भिंत, विरह, सगळं साहित्य तयारच. मला त्यात खटकतं ते एवढंच की रेघ मुलीची आणि नाव बापाचं. प्लिनी मुलीचं नाव सांगत नाही. कुणाची सावली आणि कुणाच्या मालकीची, हा घोळ पहिल्या दिवसापासून आहे असं दिसतं.

वेड लागण्यामागे झ्युरिकच्या एका पाद्रीबुवांचा मोठा हात होता. योहान कास्पार लाव्हाटर. चेहऱ्याच्या रेघेवरून माणसाचा स्वभाव वाचता येतो असं त्यांचं ठाम मत, आणि 1775 ते 1778 या काळात त्यांनी त्यावर चार जाडजूड खंड काढले. सावली त्यांना सगळ्यात विश्वासू वाटायची, कारण तिच्यात चित्रकाराची लुडबूड नाही आणि बसणाऱ्याचं नाटकही नाही. जर्मन कवी गटेसुद्धा तरुणपणी या नादात होता, त्यानं लाव्हाटरना मदतही केली. घरोघरी लोक एकमेकांच्या सावल्या गिरवून पत्रातून पाठवू लागले, कपाळाच्या उतारावरून बुद्धी आणि हनुवटीवरून निश्चय मोजू लागले. ग्यॉटिंगेनचा पदार्थवैज्ञानिक लिश्टेनबेर्ग या सगळ्याला इतका वैतागला की त्यानं डुकराच्या आणि कुत्र्याच्या शेपट्यांची आणि विद्यार्थ्यांच्या शेंड्यांची रेखाचित्रं घेऊन, त्यांच्या वळणावरून स्वभाव सांगणारं विडंबन लिहिलं. स्वतः लिश्टेनबेर्गला पाठीला कुबड होतं. बाह्याकारावरून माणूस वाचणाऱ्यांवर त्याचा राग का असावा, हे वेगळं सांगायला नको. सिलुएटचा इतिहास वाचताना मला हाच माणूस सगळ्यात जवळचा वाटला, माझ्या हनुवटीच्या संदर्भात तर फारच.

गिरवलेली सावली जिवंत डोक्याएवढी मोठी असते. ती लॉकेटात मावेल एवढी लहान करायला पँटोग्राफ वापरत; जर्मन लोक त्याला करकोच्याची चोच म्हणत, सांगाड्याच्या तिरक्या काड्या बघितल्या की का ते कळतं. मोठी रेघ एका टोकानं गिरवायची, दुसऱ्या टोकाला छोटी उमटते. इंग्लंडमध्ये जॉन मायर्स नावाचा कारागीर अशा लहान केलेल्या आकृती प्लास्टरच्या पातळ चकतीवर काळ्या रंगानं काढायचा. चेहरा गच्च काळा, पण केसांच्या आणि लेसच्या कडेला रंग इतका विरळ करत न्यायचा की धूर निघाल्यासारखा वाटावा. त्याच्या चौकटींच्या मागे छापील चिठ्ठी असायची, आणि त्या चिठ्ठीवरच्या जाहिरातीत एक ओळ अशी: मूळ सावल्या जपून ठेवल्या आहेत, पुन्हा न बसताही केव्हाही प्रत मिळेल. गिऱ्हाइकाची सोय, दुसरं काय. पण म्हणजे मायर्सच्या दुकानात कुठल्यातरी कपाटात लंडनकरांची जिवंत आकाराची डोकी गुंडाळून ठेवलेली होती. गिऱ्हाईक म्हातारं झालं, जाडं झालं, मेलं, तरी कपाटात ते पहिल्या दिवसाच्याच हनुवटीनिशी.

याच्या पुढची पायरी अमेरिकेत फिलाडेल्फियाला गाठली गेली, आणि इथे ही गोष्ट हलकीफुलकी राहत नाही.

चार्ल्स विल्सन पील हा चित्रकार तिथे एक संग्रहालय चालवायचा. भुसा भरलेले पक्षी, मॅस्टोडॉन या हत्तीसारख्या नामशेष प्राण्याचा सांगाडा, थोरांची तैलचित्रं. 1802च्या सुमाराला त्यानं तिथे एक यंत्र बसवलं. फिजिओग्नोट्रेस. माणूस बाजूला तोंड करून बसतो, पितळेची एक कड प्रत्यक्ष त्याच्या चेहऱ्यावरून, कपाळापासून मानेपर्यंत फिरते, आणि काड्यांच्या जोडणीतून तीच रेघ लहान होऊन घडी घातलेल्या पांढऱ्या कागदावर दाबली जाते. सावलीचीसुद्धा गरज नाही. मग ती रेघ कापायची. कागदाला दोन घड्या, म्हणजे एका कापात चार प्रती. कापणावळ आठ सेंट. तैलचित्राचं नावही काढू न शकणाऱ्या लोकांची रांग लागली. 1803 या एका वर्षात आठ हजारांहून जास्त लोकांचे चेहरे कापले गेले. कापणारा एकच होता. मोझेस विल्यम्स. तो पीलच्या घरात गुलाम म्हणून वाढला. त्याच्या आईबापांना आधीच मोकळं केलं होतं, याला मात्र 1802मध्ये. पीलच्या मुलांना घरात चित्रकला शिकवली गेली, रेम्ब्रँट, राफाएल अशी नावं ठेवली गेली. मोझेसच्या हाती आली ती कात्री. मोकळा झाल्यावर त्याच यंत्रावर त्यानं चांगली कमाई केली, घर घेतलं, आणि पीलच्या घरातल्या गोऱ्या स्वयंपाकिणीशी लग्न केलं. हीच बाई पूर्वी त्याच्या पंगतीला बसायला तयार नसे, असं पीलच्या मुलानं पुढे आठवणीत लिहिलं आहे.

संग्रहालयातली ही कापणी उलटी होती, हे मला पहिल्यांदा वाचून नीट कळलंच नव्हतं. पांढऱ्या कागदाच्या मधोमध चेहरा कापून काढायचा आणि उरलेला कागद काळ्या कापडावर किंवा काळ्या कागदावर ठेवायचा. दिसतो तो काळा चेहरा म्हणजे मागचा काळा रंग. म्हणजे गिऱ्हाईक आठ सेंट देऊन घरी नेत असे ते भोक! डोकं संग्रहालयातच राहायचं. ही मधली पडलेली डोकी पिंपात साठत जायची, पील मंडळी गमतीनं त्यांना ठोंबे म्हणत. शहरातल्या प्रतिष्ठितांच्या ठोंब्यांनी भरलेलं पिंप, आणि शेजारी कात्री घेऊन बसलेला, कालपरवापर्यंत ज्याची स्वतःची गणती मालमत्तेत होती तो माणूस. हे दृश्य कुणी रंगवलं नाही, आणि कुणी रंगवलं असतं तर पटलं नसतं.

मोझेस विल्यम्सचीही एक आकृती फिलाडेल्फियाच्या लायब्ररी कंपनी या ग्रंथालयात आहे. खाली लिहिलं आहे, मोझेस विल्यम्स, चेहरे कापणारा. बरीच वर्षं ती पीलच्या मुलाची, राफाएलची, म्हणून ओळखली गेली. मग एका कला-इतिहासकार बाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. त्यांना दिसलं की यंत्रानं दाबलेली रेघ आणि कात्रीची रेघ केसांपाशी एकमेकींना सोडतात. कात्रीनं रेघेबाहेर जाऊन केस लांब आणि सरळ केले आहेत. त्यांचं म्हणणं असं की ही आकृती मोझेसनं स्वतःचीच कापली असावी. असेल किंवा नसेल. मला त्या दोन रेघांमधली जागा पाहून आधी त्याच्यातला कारागीर आठवतो. हजारो लोकांच्या नाकांवरून ज्याची कात्री इमानानं रेघेवर चालली, त्याला रेघ सोडता येत नव्हती असं नाही. त्यानं ती सोडली असेल तर जाणूनबुजून सोडली, आणि त्याच जागी सोडली जिथे बघणारा पहिल्यांदा माणसाचा वंश शोधतो. काळ्या कागदात सगळेच काळे दिसतात, हे लाव्हाटरच्या अनुयायांना कधी सुचलं नसावं. अमेरिकेत ते सुचायला वेळ लागत नव्हता.

कनेक्टिकटमधली आणखी एक आकृती आहे, 1796ची. फ्लोरा. वय 19. आडनाव नाही. तिची आकृती आणि तिची विक्रीपावती एकत्र जपलेली आहेत: मिलफर्डच्या एका बाईंनी गुलाम असलेल्या फ्लोराला स्ट्रॅटफर्डच्या एका गृहस्थांना 25 पौंडांना विकलं. आकृतीत तिचे केस वर उभे, कपड्याची कड साधी, ओठ मिटलेले. ही का काढली असेल याचा मी बराच विचार केला. प्रियकराची सावली भिंतीवर बांधून ठेवणारी ती कोमल कला, आणि तीच कला मालाचा नमुना म्हणूनही चालते. दोन्हीत बसलेल्याला मान वळवून विचारता येत नाही की हे कशासाठी. समोरून काढलेल्या चित्रात डोळे असतात. ते चित्रकाराकडे बघतात, नंतर आपल्याकडे बघतात, कधीकधी आपल्याला लाजवतात. सिलुएटमधला माणूस कायम दुसरीकडे बघतो. त्याला हवं तेवढं न्याहाळता येतं. आपल्या हातून तेच होतं, फ्लोराची आकृती मी संगणकावर मोठी करून करून पाहिली.

याला उत्तर देणारी एकच आकृती मला सापडली. व्हर्मॉन्टच्या वेब्रिज गावात चॅरिटी ब्रायंट आणि सिल्व्हिया ड्रेक या दोघीजणी 1807पासून चॅरिटीच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे 44 वर्षं, शिवणकाम करत एका घरात जोडप्यासारख्या राहिल्या, आणि गावानं ते मान्य केलं. त्यांची जोड-सिलुएट मिडलबरीच्या संग्रहालयात आहे. दोन चेहरे एकमेकींसमोर, भोवती केसांच्या बारीक वेणीची महिरप. इथे डोळे नसल्याचं काही वाटत नाही. त्यांना आपल्याकडे बघायचंच नाहीये.

तर यंत्रं अशी. आणि यंत्राचा मनापासून तिरस्कार करणारा एक फ्रेंच माणूस म्हणजे ओग्युस्त एदुआर. डंकर्कचा, नेपोलियनच्या पडत्या काळात इंग्लंडला आलेला, फ्रेंच शिकवून आणि केसांची चित्रं बनवून पोट भरणारा. केसांची म्हणजे माणसांच्या आणि कुत्र्यांच्या खऱ्या केसांची. 1825च्या सुमारास एका ओळखीच्या घरी त्याला यंत्रानं काढलेल्या आकृत्या कौतुकानं दाखवल्या गेल्या. यानं नाक मुरडलं. तुला जमतं का बघू, असं झालं, तेव्हा यानं घरातल्या वडिलांना बसवलं, पत्राच्या पाकिटाचा कागद घेऊन कात्रीनं कापला, आणि मेणबत्तीची वात कातरायच्या चिमट्यातली काजळी फासून तो काळा केला. आकृती हुबेहूब होती. तिथून पुढची जवळजवळ पंचवीस वर्षं हा माणूस कापतच राहिला. सोनेरी रंगाच्या रेघा, गालावर लाली, डोळ्याच्या जागी ठिपका, हे सगळं त्याला पाप वाटायचं. फक्त काळा कागद आणि फक्त कात्री, तेही डोकंच नाही तर पूर्ण उभा माणूस, हातातल्या छत्रीसकट, पायातल्या बुटाच्या टाचेसकट. एडिंबराच्या होलिरूड राजवाड्यात फ्रान्सचा पदच्युत राजा दहावा शार्ल आश्रयाला होता, त्याचा अख्खा दरबार यानं कापला. आपल्या कलेवर 1835मध्ये त्यानं एक पुस्तकही लिहिलं, त्यात गिऱ्हाइकांच्या तक्रारी फार चवीनं सांगितल्या आहेत. ज्याच्या कलेत डोळे नाहीत त्यानं माणसं किती बारकाईनं पाहिली होती ते त्यात दिसतं.

कापण्याआधी एदुआर कागदाला घडी घालायचा. एक प्रत गिऱ्हाइकाला, एक त्याच्या वहीत. आणि वहीतल्या प्रतीवर तो नाव, गाव, तारीख, कधी व्यवसायही लिहायचा. इथे मला मोंमार्त्रच्या त्या माणसाची जाड वही आठवली आणि पहिल्यांदाच त्याच्यावर रीतसर राग आला. पैसे मागितल्याचा नाही. त्यानं नाव विचारलं नव्हतं. नाव न लिहिता ठेवलेला चेहरा म्हणजे नुसतं नाक. एदुआरचा नियम जर त्यालाही असता तर मी नको म्हणाले असते तरी त्या वहीत निदान मी असते. विल्यम बाश नावाच्या फिरत्या कापणाऱ्याची अशीच एक वही वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे, जवळपास दोन हजार चेहऱ्यांची. व्हर्जिनियापासून न्यू ऑर्लिन्स आणि क्यूबापर्यंतची माणसं तिच्यात आहेत. तपासणीत तिच्या पानांत आर्सेनिक सापडलं, त्यामुळे ती कुणाला हाताळायला देत नाहीत. पानांचे फोटो काढून ती सगळ्यांसाठी खुली केली आहे. अनेक चेहऱ्यांना तिथे नुसते आकडे होते, आणि संशोधकांनी शेकडो जणांची नावं शोधून काढण्यात वर्षं घालवली. एदुआरनं ते काम आधीच करून ठेवलं होतं.

1839मध्ये तो अमेरिकेला गेला. याच वर्षी पॅरिसमध्ये दागेरची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली. एदुआर गावोगाव फिरून सिनेटर, डॉक्टर, माजी राष्ट्राध्यक्ष आणि शाळकरी मुलं कापत होता, आणि त्याच्या मागोमाग गावोगाव डागेरोटाइपचे स्टुडिओ उघडत होते. स्वस्त, झटपट, सामान्य माणसाला परवडणारा चेहरा, ही सिलुएटची सगळी मिरवण्याची कारणं फोटोनं एकेक करून काढून घेतली, आणि वर डोळेही दिले. कला मेली नाही, पण तिची गरज संपली. पुढे ती जत्रेत, समुद्रकिनाऱ्यावरच्या धक्क्यांवर आणि पर्यटकांच्या चौकात राहायला गेली. कौतुकाची गोष्ट झाली. तमाशा तर ती फोटोच्या आधीपासूनच होती. हातांविना जन्मलेली मार्था अ‍ॅन हनीवेल तोंडात कात्री धरून चेहरे कापायची, आणि आकृतीवर ‘तोंडानं कापलं’ असं स्पष्ट लिहायची. लोक तिला बघायला यायचे की स्वतःचा चेहरा न्यायला, हे तिला पक्कं माहीत असणार, म्हणूनच ती ते लिहीत असणार. फ्लोराच्या उलट, इथे बघणाऱ्याकडून पैसे वसूल झाले.

1849च्या डिसेंबरात एदुआर युरोपला परत निघाला. आयुष्यभराच्या वह्या बरोबर होत्या. जहाज, ओनायडा, गर्न्सी बेटाशी खडकांवर फुटलं. माणसं वाचली, वह्यांच्या पेट्या समुद्रात गेल्या, त्यातल्या काहीच हाती लागल्या. एदुआर साठीत होता. बेटावरच्या ल्युकिस कुटुंबानं त्याला आसरा दिला, आणि उरलेल्या वह्या त्यानं त्या घराला देऊन टाकल्या. त्यानंतर त्यानं कात्री हातात धरली नाही. 1861मध्ये तो फ्रान्समध्ये कॅलेजवळच्या गीन या गावी वारला.

त्या वह्या साठेक वर्षं ल्युकिसांच्या घरात पडून होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिलुएटच्या अभ्यासक एमिली नेव्हिल जॅक्सन यांना त्यांचा पत्ता लागला, त्यांनी त्या विकत घेतल्या. अमेरिकेतले चेहरे पुढे न्यूयॉर्कच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे गेले, त्यानं 1913मध्ये त्यांचं प्रदर्शन मांडलं आणि वह्या सुट्या करून चेहरे एकेक विकायला काढले. त्या काळाचा आणि त्या समाजाचा सलग पट असा विस्कटला म्हणून अभ्यासक आजही हळहळतात, आणि त्यांचं बरोबर आहे. सलग वहीत शहर दिसतं, कोण कुणानंतर बसलं ते दिसतं. तरी माझं मन या विक्रीच्या बाजूनं जातं. कारण घेणाऱ्यांत त्या माणसांची नातवंडं, पतवंडं होती. आजोबांनी सत्तर वर्षांपूर्वी एक प्रत घेतली, ती कधीच कुठेतरी हरवली, आणि दुसरी, न मागितलेली, कापणाऱ्यानं आपल्या हौसेखातर ठेवलेली, जहाज फुटल्यावर समुद्रातून वाचून, अनोळखी बेटावरच्या परक्या घरातून फिरून आली. आजोबांना पाहिलेलं कुणी आता जिवंत नाही. पैसे देऊन ती घरी नेताना त्यातले कितीजण नाक बघून ‘हे आमचेच’ म्हणाले असतील, आणि कितीजण एदुआरच्या हस्ताक्षरातलं नाव वाचून, हे त्या व्यापाऱ्याला विचारायला मला फार आवडलं असतं.